ग्रहण : कारणे आणि दृश्यता

सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ एका सरळ रेषेत आल्यामुळे सूर्याचे किंवा चंद्राचे बिंब काही काळ अंशतः अथवा पूर्णतः झाकले जाते, या घटनेस ग्रहण म्हणतात. अमावास्येला चंद्र मध्ये आला तर सूर्यग्रहण होते आणि पौर्णिमेला पृथ्वी मध्ये आली तर चंद्रग्रहण होते. नावे सारखी असली तरी या दोन घटना मुळातच वेगळ्या आहेत. चंद्रग्रहणात चंद्र खरोखरच पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि त्याच्यावर पडणारा प्रकाश अडतो. सूर्यग्रहणात मात्र सूर्याला काहीच होत नाही, चंद्राची सावली पृथ्वीच्या एका भागावर पडते एवढेच. सूर्यग्रहणाला काटेकोरपणे पृथ्वीचे ग्रहणच म्हणावे लागेल. कोणते ग्रहण कोठून दिसेल या प्रश्नाचे उत्तर या एका फरकात आहे.

दर अमावास्येला आणि पौर्णिमेला ग्रहण होत नाही, कारण चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गाच्या, पातळीशी सुमारे ५ अंशांचा कोन करते. सूर्य आणि चंद्र या दोघांची बिंबे आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाची असल्याने हा कोन लहान नाही. बहुतेक अमावास्यांना चंद्राची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला ज्या दोन बिंदूंत छेदते त्यांना पात म्हणतात, आणि पंचांगातील राहू व केतू म्हणजे हेच दोन बिंदू होत. सूर्य एखाद्या पाताच्या जवळ असतानाच ग्रहण संभवते. ग्रहण हे चंद्र व पृथ्वी यांच्या सावल्यांमुळे होते, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये स्पष्ट शब्दांत मांडले होते.

सूर्य सुमारे १७३ दिवसांच्या अंतराने एकेका पाताजवळ येतो, म्हणून ग्रहणे एकेकटी न येता जोडीने, क्वचित तीनच्या गटाने येतात. २००९ साली ७ जुलै, २२ जुलै आणि ६ ऑगस्ट अशी एका महिन्यात तीन ग्रहणे झाली. त्यांपैकी मधले खग्रास सूर्यग्रहण सर्वांच्या लक्षात राहिले, बाजूची दोन चंद्रग्रहणे छायाकल्प, म्हणजे चंद्र पृथ्वीच्या फक्त विरळ सावलीतून गेल्याची, असल्याने कोणाला जाणवलीही नाहीत. वर्षात किमान २ आणि कमाल ५ सूर्यग्रहणे होऊ शकतात. याखेरीज १८ वर्षे, सुमारे ११ दिवस आणि ८ तास, म्हणजे २२३ चांद्रमास उलटले की जवळपास तशाच स्वरूपाचे ग्रहण पुन्हा घडते. या कालावधीस सारोस चक्र म्हणतात. वरच्या ८ तासांत पृथ्वी तृतीयांश फेरी अधिक फिरलेली असल्याने नवे ग्रहण तेवढे पश्चिमेकडे सरकते. ११ जुलै १९९१ रोजी हवाई बेटे व मेक्सिको, २२ जुलै २००९ रोजी भारत व चीन, आणि २ ऑगस्ट २०२७ रोजी इजिप्त व अरबस्तान, ही एकाच मालिकेतील लागोपाठची ग्रहणे आहेत.

सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे आणि त्याचे पृथ्वीपासूनचे अंतरही चंद्राच्या सरासरी अंतराच्या सुमारे ३९० पट आहे, त्यामुळे दोन्ही बिंबे जवळपास सारखीच दिसतात. हा निव्वळ योगायोग आहे, पण खग्रास सूर्यग्रहण त्याच्याच बळावर शक्य होते. चंद्राच्या गडद सावलीची, म्हणजे प्रच्छायेची, सरासरी लांबी सुमारे ३ लाख ७४ हजार कि.मी. असते, तर चंद्राचे पृथ्वीपासूनचे अंतर सुमारे ३ लाख ५६ हजार ते ४ लाख ७ हजार कि.मी. या दरम्यान बदलते. चंद्र जवळ असेल तर प्रच्छायेचे टोक जमिनीला टेकते आणि खग्रास ग्रहण घडते. तो दूर असेल तर टोक वरच संपते आणि चंद्राभोवती सूर्याची तेजस्वी कडा शिल्लक राहून कंकणाकृती ग्रहण दिसते. क्वचित पृथ्वीच्या गोलाईमुळे एकच ग्रहण मार्गाच्या काही भागात कंकणाकृती आणि काही भागात खग्रास होते. २० एप्रिल २०२३ चे ग्रहण असे होते.

प्रच्छायेचा पट्टा फार अरुंद असतो. सूर्य माथ्याजवळ असताना त्याची रुंदी फारतर २७० कि.मी.च्या आसपास जाते. चंद्र पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्याने सावलीही त्याच दिशेने, ताशी हजारो कि.मी. वेगाने पळते, आणि कोणत्याही एका ठिकाणी खग्रास स्थिती साडेसात मिनिटांपेक्षा अधिक टिकत नाही. या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना हजारो कि.मी.पर्यंत उपच्छाया, म्हणजे विरळ सावली, पसरलेली असते आणि तेथून खंडग्रास ग्रहण दिसते. २६ डिसेंबर २०१९ रोजी कंकण पाहण्यासाठी केरळातील कण्णूर किंवा तमिळनाडूतील कोइमतूर गाठावे लागले. मुंबई-पुण्यात सूर्याची केवळ कोर उरली. त्यानंतर सहाच महिन्यांनी, २१ जून २०२० रोजी, कंकणाचा पट्टा राजस्थान, हरियाणा आणि उत्तराखंड येथून गेला. सूर्यग्रहणाच्या वेळा गावागणिक वेगळ्या असतात, म्हणून पंचांगात त्या ठिकाणानुसार द्याव्या लागतात.

चंद्रग्रहणाची गोष्ट याच्या उलट आहे. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची प्रच्छाया सुमारे ९,००० कि.मी. रुंद, म्हणजे चंद्राच्या व्यासाच्या अडीच पटींहून अधिक असते, त्यामुळे खग्रास स्थिती पावणेदोन तासांपर्यंत टिकू शकते. चंद्र ज्यांच्या क्षितिजावर आहे त्या सर्वांना, म्हणजे अर्ध्या पृथ्वीला, स्पर्श (ग्रहणाची सुरुवात), मध्य आणि मोक्ष (शेवट) यांतील प्रत्येक टप्पा एकाच क्षणी दिसतो. ७ सप्टेंबर २०२५ रोजी रात्री सुमारे ११ वाजता चंद्र पूर्ण ग्रासला गेला, तो क्षण रत्नागिरीत आणि गुवाहाटीत एकच होता. स्थळाप्रमाणे फरक पडतो तो फक्त चंद्रोदय आणि चंद्रास्त यांमुळे. ८ नोव्हेंबर २०२२ रोजी गुवाहाटी व कोलकाता येथे चंद्र खग्रास अवस्थेतच उगवला, तर मुंबईत तो उगवेपर्यंत ग्रहण सुटत आले होते आणि जेमतेम पाव तास खंडग्रास स्थिती दिसली. अशा ग्रहणाला ग्रस्तोदित आणि ग्रासलेले बिंब मावळले तर ग्रस्तास्त म्हणतात. २५ ऑक्टोबर २०२२ चे सूर्यग्रहण महाराष्ट्रात ग्रस्तास्त होते.

खग्रास चंद्र सहसा काळा न होता तांबूस दिसतो. पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेला सूर्यप्रकाश सावलीत पोहोचतो आणि वाटेत त्याचा निळा भाग विखुरला गेल्याने तांबडा उरतो. वातावरणात ज्वालामुखीची धूळ असेल तर हा प्रकाशही मंदावतो: फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखीच्या १९९१ मधील उद्रेकानंतर, डिसेंबर १९९२ मध्ये ग्रासलेला चंद्र विलक्षण काळवंडला होता.

एकाच ठिकाणी खग्रास सूर्यग्रहण सरासरीने सुमारे ३७५ वर्षांतून एकदा दिसते. कोकणातील विजयदुर्गाच्या वाट्याला मात्र ३० वर्षांच्या आत अशी दोन ग्रहणे आली. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचा पट्टा कोकणातून जमखंडी आणि गुंटूरकडे गेला. गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, अशाच वर्णपटातील पिवळ्या रेषेचा वेध घेतला, आणि ही रेषा पुढे हीलियम या मूलद्रव्याची ठरली. लॉकियर विजयदुर्गावर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे निरीक्षणाचे चौथरे १८६८ च्या हीलियमशोधाशी जोडले जातात, तेव्हा दोन ग्रहणांची सरमिसळ होते. ती दुरुस्त केल्याने विजयदुर्गाचे महत्त्व कमी होत नाही. १८९८ च्या त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले होते.

चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहण्यात कोणताही धोका नाही. सूर्यग्रहणात मात्र खग्रास स्थितीची मोजकी मिनिटे सोडली तर प्रमाणित सौर चष्म्याशिवाय किंवा सूचिछिद्रातून पाडलेल्या प्रतिमेशिवाय सूर्याकडे पाहू नये. काजळी लावलेली काच आणि एक्स-रेची फिल्म यांनी दृष्टिपटलाचे रक्षण होत नाही.

यापुढील ग्रहणांपैकी २ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण इजिप्तमधील लक्सरजवळ ६ मिनिटांहून अधिक काळ खग्रास असेल आणि महाराष्ट्रात ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण संपूर्ण भारतातून दिसेल. २१ मे २०३१ रोजी कंकणाचा पट्टा केरळ आणि तमिळनाडूवरून जाईल, आणि २० मार्च २०३४ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली भारताच्या अगदी उत्तर टोकाला स्पर्श करील.