मॉरिशसची लोकसंख्या: गर्दीच्या धास्तीपासून माणसांच्या टंचाईपर्यंत

मॉरिशसला मूळ रहिवासी नाहीत. डच आले आणि १७१० मध्ये बेट सोडून गेले. नंतर फ्रेंचांनी वसाहत उभारली ती आफ्रिका आणि मादागास्करहून पकडून आणलेल्या गुलामांच्या जिवावर. ब्रिटिश अमलात १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. पण उसाच्या मळ्यांना हात हवेच होते. त्यांची सोय आधीच सुरू झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून ३६ गिरमिटिया, म्हणजे ठरावीक वर्षांच्या कराराने बांधलेले, मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय तिथे पोहोचले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातली माणसे बरीच होती. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. वहीत नाव, वय, उंची, गाव आणि अंगावरच्या खुणा लिहिल्या जात. १८६० च्या दशकापासून फोटोही काढू लागले. आज मॉरिशसमधली मराठी घरे आपल्या पणजोबांचे गाव याच वह्यांत शोधतात.

आलेले बहुतेक पुरुष होते, त्यामुळे संसार उभे राहायला वेळ लागला. त्यातच मलेरिया आला. १८६७ या एकाच वर्षात त्याने तीस हजारांहून अधिक बळी घेतले. ज्यांना परवडले ते पोर्ट लुई सोडून क्युरपिपसारख्या उंच, थंड भागात राहायला गेले. पठारावरची शहरे वाढली ती या पळापळीतून. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षे लोकसंख्या रखडत वाढली. १८७१ मध्ये ती तीन लाखांच्या थोडी वर होती, १९४४ च्या जनगणनेत जेमतेम ४ लाख २० हजार.

चित्र पालटले ते डीडीटीच्या फवारणीने. दुसऱ्या महायुद्धानंतर मलेरिया आटोक्यात आला, मृत्यू घटले आणि १९६२ पर्यंत आकडा पावणेसात लाखांच्या पुढे गेला. बाईमागे सरासरी सहाच्या आसपास मुले होती. रिचर्ड टिटमस आणि जेम्स मीड या दोन ब्रिटिश अभ्यासकांच्या पाहण्यांनी तेव्हा धोक्याची घंटा वाजवली: हाच वेग राहिला तर शतकाअखेर तीस लाखांच्या घरात लोक, आणि पोट भरायला एकटा ऊस.

प्रत्यक्षात २००० च्या जनगणनेत बारा लाखही भरले नाहीत. हे कसे घडले, ते भारतातल्या वाचकाने नीट पाहावे, कारण आपल्याकडे १९७६ मध्ये नसबंदीची सक्ती झाली. मॉरिशसने तो रस्ता धरलाच नाही. कॅथलिक चर्चचा गर्भनिरोधक साधनांना विरोध होता. तेव्हा एकीकडे १९५७ ची कुटुंब नियोजन संघटना साधने पुरवत राहिली, तर दुसरीकडे १९६३ पासून ‘आक्सियाँ फामिलियाल’ ही संस्था चर्चला मान्य असलेल्या नैसर्गिक पद्धती शिकवू लागली. सरकारने दोघांनाही पाठबळ दिले. मुलींचे शिक्षण वाढले, लग्नाचे वय वर सरकले. या प्रयत्नांच्या पहिल्या दशकभरातच जननदर, म्हणजे बाईमागे मुलांची सरासरी, निम्म्याच्या जवळ आला होता. १९७० नंतर निर्यातीच्या कपड्यांचे कारखाने निघाले आणि हजारो तरुणींच्या हातात स्वतःचा पगार आला. माझ्या मते घसरण टिकली ती या शाळांमुळे आणि पगारामुळे. दवाखान्यांचा वाटा त्यानंतरचा.

मोजणीचे राजकारणही इथे जुने आहे. जमातीनिहाय गणती १९७२ नंतर बंद झाली, तरी संसदेतल्या ‘बेस्ट लूझर’ जागा, म्हणजे कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या जमातींच्या हरलेल्या उमेदवारांना दिल्या जाणाऱ्या जादा जागा, आजही त्याच वर्षीच्या आकड्यांवर ठरतात. त्या गणतीत मराठी माणूस हिंदूंत धरला जाई. त्यामुळे मराठी भाषकांचा अंदाज आता भाषेच्या प्रश्नावरूनच बांधावा लागतो.

आज जननदर दीडच्याही खाली आहे आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास थबकून उतरणीला लागली आहे. कारखान्यांत आणि बांधकामांवर बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि भारतातून कंत्राटी कामगार येतात. साठीनंतर प्रत्येकाला मिळणारे सरकारी निवृत्तिवेतन टप्प्याटप्प्याने पासष्टीवर नेण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली, तेव्हा लोक संतापले. त्यांचा संताप मला रास्त वाटतो. मळ्यांत आणि कारखान्यांत देह झिजवलेल्या माणसाला आणखी पाच वर्षे थांब म्हणणे सोपे नाही. पण ते पैसे भरणारी तरुण पिढी दरवर्षी लहान होत चालली आहे.