आतून निघणारी, बाहेरून न हलणारी खिडकीची ग्रिल

खिडकीच्या ग्रिलकडून आपण दोन परस्परविरोधी गोष्टी मागतो. बाहेरच्या माणसाने कटावणी घातली तरी ती हलू नये, आणि घरात आग लागली तर आतल्या माणसाला ती धुरात, अंधारात, किल्ली न शोधता उघडता यावी. मुंबई-पुण्यातल्या असंख्य सदनिकांत पहिली मागणी पुरी करताना दुसरी सोडून दिलेली दिसते. ग्रिल भिंतीत कायमची पक्की केलेली असते, किंवा तिला लहानसे दार असते आणि त्या दाराला कुलूप. आग लागते तेव्हा किल्ली कुठल्यातरी खणात असते आणि अग्निशमन दलाच्या जवानांना बाहेरून लोखंड कापत बसावे लागते. त्या मिनिटांची किंमत आतली माणसे मोजतात.

निघणारी ग्रिल म्हणजे कमजोर ग्रिल, हा समज मात्र चुकीचा आहे. ती कमजोर ठरते ती ढकलण्या-ओढण्याचा भार कडीवर येतो म्हणून. भार जाड पिनांनी आणि चौकटीने घेतला आणि कडीकडे फक्त ‘पॅनल, म्हणजे ग्रिलचा निघणारा भाग, वर उचलू न देणे’ एवढेच काम ठेवले, तर हाताने सरकणारी साधी कडीसुद्धा पुरते. पुढची सगळी रचना या एकाच नियमावर उभी आहे.

आधी बारचे गणित पाहू. बारचा ताठपणा त्याच्या बाजूच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणून १० ऐवजी १२ मिमीचा चौरस बार घेतला तर वजन ४४ टक्के वाढते, पण ताठपणा दुपटीहून थोडा जास्त होतो. त्याहून मोठा फरक लांबी पाडते. दोन्ही टोकांना पक्का वेल्ड केलेला, मध्ये आधार नसलेला १.२ मीटर लांबीचा १२ मिमी बार घ्या. साध्या पोलादाची लवचीकतेची मर्यादा (ज्या ताणापुढे ते मूळ आकारात परतत नाही) २५० मेगापास्कल धरली, तर मध्यावर सुमारे ७३ किलो भार आला की तो कायमचा वाकतो. याच बारला आडव्या पट्ट्यांनी ४० सेंटीमीटरच्या तीन भागांत आधार दिला तर तोच आकडा २२० किलोच्या आसपास जातो. आणि ५०० न्यूटन (सुमारे ५० किलो) भाराखाली पहिला बार १३ मिमी झुकतो, दुसरा जेमतेम अर्धा मिलिमीटर. लोखंड तेच, फक्त दोन पट्ट्या वाढल्या.

पट्टी बारच्या पुढ्यात चिकटवून भागत नाही. पट्टीला भोके पाडून बार त्यातून ओवायचा आणि मग वेल्ड करायचा, म्हणजे वेल्ड तुटला तरी बार पट्टीच्या बाहेर येत नाही, आणि कोणी जॅक लावून दोन बार फाकवू लागले तर पट्टी त्यांना धरून ठेवते. ३२ × ६ मिमीची पट्टी घ्यावी, तिची ३२ मिमी बाजू भिंतीच्या जाडीच्या दिशेने. मधोमध १२ मिमीचे भोक पाडल्यावर तिची वाकण्याविरुद्धची ताकद फक्त १४ टक्क्यांनी घटते, कारण वाकताना खरा ताण कडांवर असतो, मध्यावर नाही. २५ मिमीच्या पट्टीत तेच भोक पाडले तर दोन्ही बाजूंना साडेसहा मिलिमीटरच लोखंड उरते. ती घेऊ नये.

पोकळ पाइपची ग्रिल भरभक्कम दिसते, आणि गणितात ती हरत नाही. २५ × २५ मिमीचा, १.२ मिमी जाडीचा चौकोनी पाइप १२ मिमीच्या भरीव बारपेक्षा हलका असूनही सहापट ताठ असतो. पण चोर काही गणिताप्रमाणे मध्यभागी हळूच भार ठेवत नाही. कटावणीच्या टोकाखाली ती पातळ भिंत दबते, आणि एकदा काटछेद चपटा झाला की ताठपणा संपला. शिवाय करवतीला १.२ मिमीच कापायचे असते आणि पाइप आतून गंजत असेल तर बाहेरून कळत नाही. स्टेनलेस स्टीलच्या १ मिमी पाइपच्या चकचकीत ग्रिल गंजत नाहीत हे खरे, पण त्यांना सुरक्षेची ग्रिल म्हणणे धाडसाचे आहे. बार भरीवच हवेत.

आता निघण्याच्या भागाकडे. इथे पहिली अडचण येते ती सरकत्या खिडकीची. ग्रिल तिच्या बाहेर असते आणि दोन झडपांची खिडकी कधीही अर्धीच उघडते. १२०० मिमी रुंद खिडकीत मोकळी जागा साधारण ५५० मिमी मिळते. म्हणजे संपूर्ण ग्रिल काढता येईल अशी केली तरी ती आत घेताच येणार नाही. बाहेर ढकलण्याची कल्पना सोडूनच द्यावी, खाली माणसे चालत असतात. म्हणून ग्रिलचा अर्धा भाग कायमचा आणि उरलेल्या अर्ध्यात ५४० × ११०० मिमीचे निघणारे पॅनल, हा व्यवहार्य मार्ग आहे.

एवढ्या जागेतून माणूस निघतो का? अमेरिकेतल्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमध्ये संकटकाळी बाहेर पडण्याच्या खिडकीसाठी किमान मापे दिली आहेत: मोकळी रुंदी ५०८ मिमी, उंची ६१० मिमी, एकूण मोकळे क्षेत्र ०.५३ चौरस मीटर, आणि जमिनीपासून खिडकीचा तळ १११८ मिमीपेक्षा वर नाही. त्या खिडकीवर गज असतील तर ते आतून किल्ली, हत्यार किंवा खास माहिती न लागता निघाले पाहिजेत, अशीही अट आहे. आपल्याकडच्या खिडकीला हीच मापे लावून पाहावीत.

पॅनल ज्यात बसते ती चौकट ४० × ६ मिमीच्या पट्टीची करावी आणि तिच्या बाहेरच्या कडेवर २५ × ६ मिमीची पट्टी ओठासारखी वेल्ड करावी. हा ओठ चौकटीच्या आत १९ मिमी येतो. पॅनल खोलीच्या बाजूने या ओठावर टेकते. बाजूची फट ३ मिमी सोडली की ओठ पॅनलवर १६ मिमी चढतो आणि मोकळी रुंदी बरोबर ५०८ मिमी उरते. या ओठाची दोन कामे आहेत. कोणी ग्रिल बाहेर ओढली तर पॅनल ओठावर दाबले जाते, त्यात कडीचा संबंध येत नाही. आणि कटावणी घालायला फटच दिसत नाही.

आत ढकलण्याचा भार चार पिनांनी घ्यायचा. पॅनलच्या खालच्या कडेला दोन १२ मिमी पिना चौकटीच्या भोकात १२ मिमी उतरतात. वरच्या कडेला ३० मिमी लांबीच्या दोन पिना असतात आणि पॅनल व चौकट यांत वर १६ मिमीची फट ठेवलेली असते, म्हणजे वरची पिन एरवी १४ मिमी अडकलेली राहते. पॅनल १४ मिमी वर उचलले की खालच्या पिना सुटतात, तळ आत ओढायचा, मग पॅनल खाली घेतले की वरच्या पिनाही सुटतात. वरच्या भोकामागे लिंटेलमध्ये (खिडकीवरच्या आडव्या तुळईत) ३५ मिमी खोल जागा कोरून ठेवावी लागते. ती विसरली तर पिन काँक्रीटला टेकते आणि पॅनल उचललेच जात नाही. वरचा ओठ २५ ऐवजी ४० मिमीचा घ्यावा, कारण त्याला ही फटही झाकायची आहे. हिशेब केला तर मोकळी उंची १०६६ मिमी आणि क्षेत्र ०.५४ चौरस मीटर मिळते.

१२ मिमीची एक पिन कातरली जाण्यापूर्वी सुमारे दीड टन भार सोसते. म्हणजे पिना ही या ग्रिलची कमकुवत जागा नाही. कमकुवत जागा पॅनलची लांबी आहे, कारण वरच्या आणि खालच्या पिनांत ११०० मिमी अंतर राहते. म्हणून मध्यावर, दोन्ही बाजूंना, खोलीच्या बाजूने एकेक हूक द्यावा. पलंगाची बाजूची फळी पायात जशी वरून खाली अडकते, तसाच हा चौकटीवरच्या खाचेत १२ मिमी उतरतो आणि पॅनल उचलताच सुटतो.

या पॅनलमध्ये ३२ × ६ मिमी पट्टीची कड, चार उभे बार, दोन आडव्या पट्ट्या येतात. बारांमधले मोकळे अंतर ९६ मिमी राहते, लहान मुलाचे डोके जाऊ नये म्हणून १०० मिमीच्या आत ठेवतात तेवढेच. पिना, हूक, कडी धरून वजन १३ किलोच्या आसपास भरते. यापेक्षा जड केले तर घाबरलेल्या माणसाला ते उचलवणार नाही.

कडी आडवी, १२ मिमी जाडीची, पॅनलवर बसवलेली आणि बाजूच्या चौकटीच्या भोकात सरकणारी. सगळ्यात नाजूक मुद्दा या भोकाचा आहे. ते गोल नसावे. आत-बाहेरच्या दिशेने ते ५ मिमी लांबट करायचे, वर-खाली मात्र दीड मिलिमीटरच सैल. असे केले की बाहेरून कितीही ढकलले तरी पिना आणि हूक आधी टेकतात आणि कडीला धक्काच पोहोचत नाही. गोल भोक ठेवले तर सगळ्यांत पातळ भागावर सगळ्यांत आधी भार येतो, कडी वाकते, आणि वाकलेली कडी आतूनही सरकत नाही. चोरी फसली तरी ग्रिल कायमची अडकलेली, ही अवस्था उघड्या ग्रिलपेक्षा वाईट आहे.

कडी जमिनीपासून १२०० ते १४०० मिमी उंचीवर असावी. वर बसवली तर वृद्ध माणसाचा हात पोहोचत नाही. खालच्या उंचीवर मूल पोहोचेल, म्हणून मूठ आधी वर फिरवायची आणि मग सरकवायची, अशी दोन हालचालींची कडी निवडावी. ९६ मिमीच्या फटीतून मोठ्या माणसाचा हात सहज आत येतो, त्यामुळे कडीच्या बाहेरच्या बाजूला ३ मिमी पत्र्याची, ६० मिमी दुमडलेल्या कडांची पेटी लागते, फक्त खोलीकडे उघडी. तिच्या आजूबाजूच्या ३०० मिमी भागात बारांवर एक्स्पांडेड मेटलची (पत्र्याला चिरा पाडून ताणलेली) जाळीही वेल्ड करावी. बसवण्यापूर्वी वर्कशॉपमध्येच चौकट उभी करून बाहेरच्या बाजूने हात आणि मीटरभर वाकवलेली तार घालून पाहावी. कडी सरकली तर पेटी वाढवायची.

ग्रिल शेवटी भिंतीला किती धरते यावर सारे ठरते, आणि बहुतेक ग्रिल इथेच हरतात. ग्रॅनाइटची १८ मिमी फ्रेम दिसायला दगडी असली तरी ती चिकटवलेली असते. स्क्रू तेवढ्यातच बसला असेल तर ग्रिल दगडासह बाहेर येते. अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रॅकला मारलेले स्क्रू त्याहून वाईट. दगडातून आरपार जाऊन आतल्या काँक्रीटमध्ये किंवा विटेत पकड घ्यायची. दगडात ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा, नाहीतर तडा जातो. लिंटेल काँक्रीटचे असते म्हणून वरची चौकट १० मिमीच्या, १०० मिमी लांब अँकर फास्टनरने छान धरते. पण बाजूची भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) असेल तर फुगणारा फास्टनर तो ब्लॉक आतून भुगा करतो. आवळताना घट्ट वाटतो, महिन्याभराने फिरू लागतो. तिथे केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटणारा बोल्ट) वापरावा, किंवा ब्लॉक खोदून फिशटेल, म्हणजे माशाच्या शेपटीसारख्या दुभंगलेल्या टोकाचा होल्डफास्ट (चौकट धरणारी लोखंडी पट्टी) १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटमध्ये गाडावा आणि सात दिवस पाणी मारावे. दोन पकडींत ४५० मिमीपेक्षा जास्त अंतर नको. फास्टनरची डोकी काउंटरसंक, म्हणजे पट्टीच्या पृष्ठभागात बुडणारी असावीत: पॅनल बसले की ती त्याच्या आड जातात, बाहेरून पाना लागत नाही, आणि ३ मिमीच्या फटीत पॅनलला आडवीही येत नाहीत.

वेल्डिंगबद्दल एकच आग्रह धरा. प्रत्येक सांध्याला चहूबाजूंनी सलग ४ मिमीचा वेल्ड हवा, दोन टिपके नकोत. आणि दिसायला गुळगुळीत म्हणून ग्राइंडरने तो सपाट करू देऊ नका, कारण घासून गेलेला भाग हीच सांध्याची ताकद होती.

सगळे वेल्डिंग, भोके आणि जुळवणी झाल्यावरच हॉट डिप गॅल्व्हनाइझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवणे) करायचे. नंतर वेल्ड केला तर जस्ताचा थर जळतो आणि त्याचा धूर वेल्डरला बाधतो. जस्ताचा थर ७० ते ८५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग), वर पावडर कोटिंगचे ६० ते ८० मायक्रॉन. हे दोन्ही भोकाच्या दोन्ही बाजूंना चढतात, त्यामुळे १२.५ मिमीचे भोक रंगानंतर १२ मिमीच्या पिनला घट्ट होते. भोक १४ मिमीचे ठेवा आणि पिना स्टेनलेस स्टीलच्या घ्या. जस्ताच्या कुंडात तापमान ४५० अंश सेल्सियस असते, हलकी चौकट त्यात पिळवटते. परत आल्यावर दोन्ही कर्ण मोजा, फरक ३ मिमीपेक्षा जास्त असेल तर सरळ करून घ्या. खालच्या भोकांना निचऱ्याची वाट नसेल तर पावसाचे पाणी साचून पिना जाम होतात, मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत तर पहिल्याच पावसाळ्यात.

बसवण्याआधी चाचणी सोपी आहे. चौकट ठोकळ्यांवर आडवी ठेवा, ओठ वरच्या बाजूला आणि पॅनल खाली पिनांवर. पॅनलच्या मध्यावर सिमेंटच्या ५० किलोच्या चार गोण्या रचा, दहा मिनिटांनी काढा आणि ताणलेल्या दोरीने वाक मोजा. एक मिलिमीटरपेक्षा जास्त वाक उरला तर आडवी पट्टी वाढवा. कडी त्या भाराखाली असतानाही बोटाने सरकली पाहिजे. युरोपीय मानक ईएन १६२७ मध्ये आरसी-२ वर्गाच्या खिडकीने साध्या हत्यारांच्या हल्ल्याला तीन मिनिटे आणि कटावणीसह आरसी-३ वर्गाच्या खिडकीने पाच मिनिटे तोंड द्यावे लागते. ग्रिलकडून अपेक्षा धरायची ती अशा मिनिटांची आणि त्या दरम्यान होणाऱ्या आवाजाची. बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे घरगुती ग्रिल टिकत नाही.

दर सहा महिन्यांनी पॅनल पूर्ण काढा, पिना पुसा, कडीला ग्रीस लावा. घराला रंग देताना कडी आणि पिना कागदाने झाकून ठेवायला सांगा, रंगाचा एक हात कडी चिकटवायला पुरतो. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने दिवे बंद करून, पडदा ओढलेला असताना एकदा पॅनल काढून पाहावे. आजीला १३ किलो उचलवत नसेल तर तिच्या खोलीतल्या खिडकीला हे पॅनल बसवू नका. तिथे आत उघडणारे, बिजागरीवरचे पॅनल तीच लांबट भोकाची कडी ठेवून करून घ्या, आणि बिजागरीच्या बाजूलाही दोन पिना चौकटीत जातील असे पाहा.