एका डोक्याला दोन दांड्या

बेळगावात गाणं शिकणाऱ्याच्या वहीत स्वर अक्षरांत असतात. कोमलाखाली रेघ, तार सप्तकाला वर टिंब, मंद्राला खाली. एका वेळी एकच आवाज, त्यामुळे स्वर एकमेकांवर आदळायचा प्रश्न नाही. कॅम्पातल्या एखाद्या चर्चच्या कॉयरसाठी चार आवाजांचं गाणं संगणकावर लिहायला घेतलं, की मात्र पाश्चात्त्य स्वरलेखनातल्या पाच रेघांच्या पट्टीशी गाठ पडते. तिथे सोप्रानो आणि आल्टो, म्हणजे वरचे दोन आवाज, एकाच पट्टीत राहतात. स्वर म्हणजे एक अंडाकृती डोकं आणि बहुधा त्याला जोडलेली उभी दांडी. सोप्रानोच्या दांड्या वर, आल्टोच्या खाली, एवढ्यावर बराच वेळ निभावतं.

अडचण येते ती स्वर शेजारी आले की. स्वराचं डोकं साधारण दोन रेघांमधल्या अंतराएवढं उंच असतं, पण सा वरून रे वर जाताना आपण त्याच्या अर्धंच सरकतो. म्हणजे डोकी एकमेकांवर चढणारच. मग सॉफ्टवेअर एकाला बाजूला सरकवतं: वरचा स्वर डावीकडे, खालचा उजवीकडे. त्यामुळे दोघांच्या दांड्या जवळपास एका रेषेत येतात आणि दोन्ही स्वर एकाच क्षणाचे आहेत हे नजरेला पटतं.

खरी गंमत दोघं एकाच स्वरावर आले की होते. दोघांचाही काळ सारखा असेल तर एकच डोकं, त्याला वर-खाली दोन दांड्या. पण एकाचा स्वर दोन मात्रांचा, म्हणजे डोकं पोकळ, आणि दुसऱ्याचा एका मात्रेचा, म्हणजे भरीव, असेल तर? एकच डोकं ठेवलं की कुणी किती वेळ थांबायचं हे कळणार नाही. १९९६ साली सुरू झालेलं लिलीपाँड हे मुक्त सॉफ्टवेअर अशी दोन डोकी आपणहून एकत्र करत नाही. तशी आज्ञा दिली तरी या जोडीला ती लागू होत नाही. अर्ध्या मात्रेच्या स्वराला मात्र चालते, कारण त्याच्या दांडीला शेपटी असते. डोकं पोकळ राहिलं तरी शेपटीवरून काळ ओळखता येतो. मला हा हट्ट आवडतो: पान थोडं कमी देखणं झालं तरी चालेल, गाणाऱ्याला अंदाज करायला लावायचा नाही.

चार मात्रांच्या स्वराला दांडीच नसते, तेव्हा तो निमूट शेजारी बसतो. म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका पट्टीवर चार आवाज लिहिता येतात. पण तिसरा आवाज आला की वर-खाली या दोनच दिशा अपुऱ्या पडतात, आणि कधीकधी स्वर हातानेच सरकवावे लागतात.