श्वानोद्यानातील सुरक्षितता आणि शिष्टाचार

पाळीव कुत्र्यांना दोरी सोडून मोकळे धावता, हुंगता आणि एकमेकांशी खेळता यावे म्हणून कुंपण घालून राखलेल्या सार्वजनिक जागेला श्वानोद्यान किंवा डॉग पार्क म्हणतात. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात बर्कली शहरात १९७९ मध्ये सुरू झालेले ओलोनी डॉग पार्क हे त्या देशातील पहिले श्वानोद्यान मानले जाते. पुढच्या दशकांत ही कल्पना कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांतील शहरांतही रुजली. शहरांत अंगणे उरली नाहीत, सार्वजनिक बागांत कुत्रा बांधूनच फिरवावा असे नियम आले आणि दोरीच्या लांबीत कुत्र्याची धाव मावेना, हे त्यामागचे मुख्य कारण.

रस्त्यावर समोरून अनोळखी कुत्रा आला, तर मालक दोरी आखडतो, वाट बदलतो. श्वानोद्यानात हे साधन हातात राहत नाही. जमलेली कुत्री बहुधा एकमेकांना नवखी असतात, त्यांचे वय, आकार आणि स्वभाव वेगवेगळे असतात आणि देखरेखीला कर्मचारी क्वचितच असतो. त्यामुळे मालकाचे लक्ष, त्याच्या हाकेला कुत्र्याने दिलेला प्रतिसाद आणि वेळीच निघून जाण्याची तयारी यांवरच इथली सुरक्षितता उभी असते. फाटकाजवळच्या फलकावर नियम लिहिलेले असतात. ते वाचून आत आलेला माणूस पुढचा अर्धा तास मोबाइलमध्ये डोके घालून बसला, तर फलकाचा उपयोग शून्य.

रचना

चांगल्या श्वानोद्यानाला एकामागे एक अशी दोन फाटके असतात. बाहेरचे फाटक लावून घेतल्यावरच आतले उघडायचे, म्हणजे कोणाचाही कुत्रा निसटून रस्त्यावर जात नाही. कुंपण साधारण चार ते सहा फूट उंच असते आणि खालून उकरून बाहेर पडता येऊ नये इतके जमिनीला भिडलेले असते. लहान कुत्र्यांसाठी वेगळा भाग असेल, तर तो वापरावा. छोटा कुत्रा किंचाळत पळू लागला की एरवी मवाळ असलेल्या मोठ्या कुत्र्याचीही शिकारीची उपजत प्रवृत्ती जागी होऊ शकते आणि खेळाचा पाठलाग क्षणात खरा होतो. अशा वेळी मोठ्या कुत्र्याने एकदाच धरून झटकले तरी लहानग्याच्या जिवावर बेतते. ‘आमचा छोटा असला तरी मोठ्यांना भारी आहे’ हे वाक्य अशा उद्यानांत वारंवार ऐकू येते. त्यावर विसंबून त्याला मोठ्यांच्या भागात नेऊ नये.

फाटक

सर्वांत जास्त ताण असतो तो फाटकाशी. नवा कुत्रा आला की आतले सगळे त्याला हुंगायला धावतात. तो नुकताच आलेला, उत्तेजित, आणि चारी बाजूंनी घेरलेला. आतल्या मालकांनी आपापली कुत्री हाक मारून मागे घ्यावीत आणि येणाऱ्याने गर्दी पांगेपर्यंत बाहेरच थांबावे, हा संकेत साधा आहे; पाळला मात्र फार कमी जातो.

दोरी दोन फाटकांच्या मधल्या जागेत सोडावी. मोकळ्या कुत्र्यांमध्ये एकटाच बांधलेला कुत्रा अडचणीत सापडतो. त्याला मागे हटता येत नाही, दोरी ताणली की त्याचे अंग पुढे झुकून आव्हान दिल्यासारखे दिसते आणि मालकाच्या हाताची धास्तीही दोरीतून त्याच्यापर्यंत पोहोचते. गळा आवळणाऱ्या साखळ्या आणि आतून काटे असलेले पट्टे आत येण्यापूर्वी उतरवावेत. खेळताना कुत्री एकमेकांची मान तोंडात धरतात; अशा साखळीत दुसऱ्याचा दात किंवा जबडा अडकला तर दोघेही घाबरून झटापट करतात आणि मोठी इजा होते. नाव आणि फोन क्रमांक लिहिलेला साधा, सपाट पट्टा मात्र गळ्यात असू द्यावा.

आत आल्यावर एका जागी ठिय्या मांडू नये. मालक चालत राहिला की त्याचा कुत्राही फिरता राहतो आणि एका कोपऱ्यात घोळका साचत नाही.

कोणाला आणू नये

प्राथमिक लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू, माजावर आलेली मादी, जुलाब, खोकला किंवा त्वचारोग असलेला कुत्रा आणि पूर्वी चावलेला कुत्रा यांना श्वानोद्यानात आणू नये, यावर फारसा मतभेद नाही. मादीचा माज साधारणपणे तीन आठवडे चालतो. त्या काळात तिच्या नुसत्या वासाने नरांमध्ये भांडणे जुंपतात. हाक मारल्यावर न येणाऱ्या कुत्र्यालाही आधी घरी आणि बांधून शिकवावे, मग मोकळे सोडावे.

भित्र्या कुत्र्यांबाबत मात्र हमखास गैरसमज असतो. कुत्रा इतरांना बुजतो, म्हणून त्याला चारचौघांत मिसळायची सवय लागावी या हेतूने मालक त्याला गर्दीत सोडतात. घडते उलटे. घाबरलेल्या कुत्र्याला अनोळखी कुत्र्यांनी घेरले की त्याची भीती पक्की होते आणि पुढच्या वेळी तो आधीच दात दाखवू लागतो. अशा कुत्र्याची ओळख एका शांत, ओळखीच्या कुत्र्याशी, मोकळ्या जागी, अंतर राखून करून द्यावी. अनेक कुत्र्यांना, विशेषतः वयात आल्यानंतर, अनोळखी सोबत्यांची हौसच उरत नाही. त्यात काही बिघडलेले नसते. लांबवर निवांत हुंगत फिरणे त्यांना पुरते.

खेळ ओळखणे

श्वानोद्यानात मालकाला सर्वांत जास्त उपयोगी पडते ते देहबोलीचे ज्ञान. खेळ आणि भांडण वरवर सारखेच दिसतात. दोन्हींत गुरगुर असते, दात दिसतात, अंगावर झेप असते.

खेळणाऱ्या कुत्र्याचे अंग सैल असते, हालचाली वळणावळणाच्या आणि अघळपघळ असतात, तोंड उघडे असते. पुढचे पाय जमिनीवर टेकवून मागचा भाग वर उचलणे हे खेळाचे निमंत्रण. प्राणिवर्तनाचे अमेरिकी अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की ही मुद्रा केवळ खेळाच्या सुरुवातीला येत नाही. तोंडात धरून डोके झटकण्यासारख्या, गैरसमज होऊ शकेल अशा कृतीच्या आधी किंवा लगेच नंतरही कुत्री ती घेतात, म्हणजे ‘हे खेळातलेच आहे’ असे समोरच्याला बजावतात. चांगल्या खेळात भूमिकाही बदलतात. आता पाठलाग करणारा थोड्या वेळाने स्वतः पुढे पळतो, ताकदवान गडी मुद्दाम खाली लोळतो, मध्येच दोघे थांबून अंग झटकतात, जमीन हुंगतात आणि पुन्हा सुरू होतात.

बिघाडाची पहिली खूण म्हणजे ताठरपणा. अंग आणि तोंड घट्ट होते, कान आणि शेपूट वर जाते, नजर खिळते, पाठीवरचे केस उभे राहतात. फक्त केस उभे राहणे ही नुसती उत्तेजनाची खूण असू शकते. पण त्याबरोबर अंग क्षणभर गोठले तर तत्काळ मध्ये पडावे. दुसऱ्याच्या मानेवर हनुवटी किंवा पंजा ठेवून तसेच उभे राहणे, वारंवार अंगावर चढणे, अनेकांनी मिळून एकाला पळवणे हेही थांबवण्याजोगे. अंगावर चढण्याला लोक हसतात किंवा लाजतात. त्यामागे बहुतेक वेळा कामभावना नसून अति उत्तेजन असते आणि खालच्या कुत्र्याचा संयम सुटायला वेळ लागत नाही.

दबलेल्या कुत्र्याच्या खुणा आणखी बारीक असतात. नाक चाटणे, झोप आलेली नसताना जांभई, मान वळवून नजर टाळणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, शेपूट पायांत घालणे, मालकाच्या पायांमागे किंवा बाकाखाली शिरणे. बाकाखाली शिरलेल्या कुत्र्याला ‘जा, खेळ’ म्हणत बाहेर ओढणारे मालक पाहिले की त्या कुत्र्याची कीव येते. त्याने आपले म्हणणे पुरेसे स्पष्ट सांगितलेले असते.

शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे, ही समजूतही अपुरी. ताठ, उंच धरलेली आणि आखूड, जलद हलणारी शेपूट धोक्याची असू शकते. २००७ मध्ये इटालियन संशोधकांनी असेही नोंदवले, की मालकाला पाहून कुत्र्याची शेपूट त्याच्या उजवीकडे अधिक झुकते, तर अनोळखी, वरचढ कुत्रा दिसला की डावीकडे. निरीक्षण रंजक आहे. धावपळीत डावे-उजवे बघायला कोणाला सवड मिळते हा भाग वेगळा.

खेळ दोघांनाही हवा आहे का अशी शंका आली, तर वरचढ ठरणाऱ्याला क्षणभर धरून ठेवावे. दुसरा स्वतःहून परत आला तर खेळ चालू द्यावा. तो संधी साधून निघून गेला तर खेळ संपला. आपल्या कुत्र्याला असे थांबवावे लागले म्हणून अपमान वाटून घेण्याचे कारण नाही. दर काही मिनिटांनी कुत्र्याला हाक मारून जवळ घ्यावे, शांत होऊ द्यावे आणि पुन्हा सोडावे. यामुळे उत्तेजना चढत जात नाही आणि हाक म्हणजे घरी जाणे असा समजही होत नाही.

खाऊ, खेळणी आणि मुले

खाद्यपदार्थ शक्यतो आणू नयेत. शिकवण्यासाठी खाऊ लागत असेल तर तो झाकून ठेवावा आणि दुसऱ्याच्या कुत्र्याला विचारल्याशिवाय मुळीच देऊ नये. त्याला ॲलर्जी असू शकते, शिवाय खाऊभोवती कुत्री जमली की झोंबाझोंबी ठरलेली. चेंडूबाबतही हेच. घरी निमूटपणे चेंडू देणारा कुत्रा परक्यांत त्यावर हक्क सांगू शकतो. गर्दी असेल तेव्हा खेळणी पिशवीतच राहू द्यावीत.

लहान मुले धावतात, किंचाळतात, हात वर करतात. कुत्र्यांच्या दृष्टीने हे पाठलागाचे आवतण. वेगात धावणारे कुत्रे मोठ्या माणसालाही पाडतात, म्हणून उभे राहताना गुडघे किंचित वाकवून ठेवावेत. पुष्कळ उद्यानांत ठरावीक वयाखालील मुलांना प्रवेश नसतो. एका माणसाने किती कुत्री आणावीत यावरही मर्यादा असते, कारण दोन डोळ्यांनी चार कुत्र्यांवर लक्ष राहत नाही.

भांडण सोडवणे

बहुतेक चकमकी आवाजाने मोठ्या आणि काही सेकंदांत संपणाऱ्या असतात. त्या संपल्या नाहीत तर पहिली चूक होते ती हात मध्ये घालून पट्टा पकडण्याची. भांडणाऱ्या कुत्र्याला त्या क्षणी कोणाचा हात आहे ते कळत नाही आणि मालकालाच चावा बसतो. आधी टाळ्या, मोठा आवाज, पाण्याचा मारा, दोघांच्या मध्ये फळी किंवा पिशवी सरकवणे असे उपाय करावेत. तेही फसले आणि दोन्ही मालक हजर असतील, तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीच्या वरच्या बाजूला धरून, उचलून, मागे चालत आणि वळवत दूर न्यावे. एकानेच ओढले तर दुसरा हल्ला चालूच ठेवतो. एकाने घट्ट चावा धरून ठेवला असेल, तर ओढू नये. ओढल्याने जखम फाटते.

वेगळे झाल्यावर दोघांनाही बांधावे आणि अंग केस बाजूला करून तपासावे. दाताचे भोक बाहेरून बारीक दिसते, पण आत स्नायू फाटलेले आणि जंतू खोल गेलेले असू शकतात. जखम छोटी दिसली तरी पशुवैद्याकडे जावे. माणसाला चावा किंवा दाताचा ओरखडा बसला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, तर वेळेवर घेतलेल्या लशीने तो टाळता येतो.

कोणाचा कुत्रा आधी भांडला यावर जागच्या जागी वाद घालू नये. फोन क्रमांक आणि लसीकरणाची माहिती परस्परांना द्यावी. तिथून न बोलता निघून जाणे हा सर्वांत वाईट शिष्टाचार. बऱ्याच ठिकाणी कुत्र्याने केलेल्या इजेची कायदेशीर जबाबदारीही मालकावरच येते.

आरोग्य

विष्ठा लगेच उचलणे ही केवळ स्वच्छतेची बाब नाही. कुत्र्यांतील गोल जंतांची अंडी विष्ठा ताजी असताना संसर्ग करत नाहीत. मातीत पक्व व्हायला त्यांना साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि नंतर ती वर्षानुवर्षे टिकू शकतात. माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या पोटात ती गेल्यास अळ्या यकृत, फुप्फुस, क्वचित डोळ्यांपर्यंत पोहोचतात. म्हणजे वेळेत उचललेली विष्ठा हे चक्र सुरूच होऊ देत नाही. पिल्लांना जीवघेणे उलट्या-जुलाब करणारा पार्व्हो विषाणू तर मातीत अनेक महिने तग धरतो आणि नेहमीच्या फिनाइलला दाद देत नाही. पिल्लांच्या लशींची मालिका साधारण १६ आठवड्यांच्या वयापर्यंत चालते. ती पुरी होईपर्यंत थांबायचे ते याच कारणाने.

साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार आणि जुलाब घडवणारा जिआर्डिया हा परजीवी पसरतात, एकाच भांड्यातून केनेल कफ हा कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला. पाणी आणि वाटी घरून आणावी. गोचिडांसाठी परतल्यावर कान, काखा आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात.

उन्हाचा धोका खेळाच्या भरात लक्षात येत नाही. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना; अंग थंड करण्याचे मुख्य साधन धापणे. पग, बुलडॉग यांसारख्या बसक्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. कुत्र्याचे शरीराचे तापमान एरवी ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ४१ च्या पुढे गेले की उष्माघात आणि अवयवांना इजा. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल अडखळती दिसली तर खेळ थांबवून सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि तसेच पशुवैद्याकडे निघावे. दमलेला कुत्रा स्वतःहून थांबेल असे समजू नये. चेंडूचे वेड असलेली कुत्री कोसळेपर्यंत धावतात.