बुडालेले जहाज वाळवायचे कसे?

समुद्रतळावरून एखादे जुने जहाज वर काढल्याची बातमी आली, की शेकडो वर्षे पाण्यात राहूनही त्याचे लाकूड कुजले कसे नाही, हा प्रश्न हमखास विचारला जातो. वर काढल्यावर ते वाळवायचे कसे, हा त्याहून अवघड प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. जहाज बाहेर काढले, छप्पर घातले आणि तिकीटखिडकी उघडली, की संग्रहालय तयार झाले, अशी आपली समजूत असते. इंग्लंडमधल्या पोर्टस्मथच्या गोदीत २०१३ साली उघडलेली मेरी रोझ संग्रहालयाची नवी इमारत पाहिली, की ही समजूत किती भाबडी आहे ते कळते.

मेरी रोझ ही इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमाराशी लढताना सोलेंटच्या सामुद्रधुनीत बुडाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचा सांगाडा पाण्याबाहेर आला. बुडताना ती उजव्या कुशीवर कलली होती. गाळात रुतलेली ती बाजू बहुतांशी टिकली आणि उघडी राहिलेली डावी बाजू नाहीशी झाली. लाकूड पोखरणारा जहाजकिडा (हा खरे तर किडा नसून शिंपल्यांचा भाऊबंद आहे) आणि बुरशी या दोघांनाही प्राणवायू लागतो, आणि गाळाखाली तो जवळजवळ नसतो. तेथे जगणारे जीवाणू लाकूड खातात, पण अतिशय सावकाश. पेशींच्या भिंतींतले सेल्युलोज ते कुरतडतात आणि लिग्निन या दुसऱ्या, टणक घटकाचा पोकळ सापळा मागे ठेवतात. सेल्युलोजची जागा पाणी घेते. फार खराब झालेल्या लाकडात तर कोरड्या लाकडाच्या चौपटीहून अधिक वजनाचे पाणी असू शकते. असे लाकूड वरून धडधाकट दिसते, पण त्याचा आकार पाण्याने सावरून धरलेला असतो.

ते पाणी उडून जाऊ लागले, की काय होते? पाण्याच्या पृष्ठभागावर ताण असतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पेशीतले पाणी आटत आटत सूक्ष्म छिद्राच्या तोंडाशी आले, की त्याचा पृष्ठभाग वाटीसारखा आत वळतो आणि त्याखालच्या पाण्यात ओढ निर्माण होते. ही ओढ म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले छिद्राची त्रिज्या. म्हणजे छिद्र जितके बारीक, तितकी ओढ जास्त. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे ०.०७२ न्यूटन असतो. छिद्राची त्रिज्या मिलिमीटरचा दहा हजारावा भाग धरली, तर ही ओढ १४ लाख पास्कलच्या पुढे, म्हणजे सुमारे १४ वातावरणांइतकी (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या १४ पट) भरते. जहाज जेमतेम दहा-पंधरा मीटर खोल पाण्यात पडले होते. तेथे पाण्याचा भार फार तर दीड वातावरणाचा, आणि तोही आतून-बाहेरून सारखा असल्यामुळे निरुपद्रवी. वाळताना निर्माण होणारी ओढ मात्र पेशीच्या भिंतींना आतल्या आत खेचते. ताज्या ओक लाकडातल्या पेशींच्या भिंती ती सोसतात, पण कुरतडलेल्या भिंती एकमेकींवर मिटतात आणि एकदा मिटल्या की पुन्हा भिजवूनही उघडत नाहीत. तुळई आक्रसते, आडवी चिरते आणि वेडीवाकडी होते.

म्हणूनच सांगाडा वर आल्यापासून १९९४ पर्यंत त्यावर थंडगार गोड्या पाण्याचा फवारा चालू होता आणि त्यानंतर २०१३ पर्यंत पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणाचा. याचे रेणू म्हणजे लांब साखळ्या असतात आणि नावापुढचा आकडा साखळीचा रेणुभार, म्हणजे रेणू किती जड आहे ते दाखवतो. आधी २०० रेणुभाराचे पातळ ग्लायकॉल वापरले, कारण त्याच्या छोट्या साखळ्या पेशींच्या भिंतींतही शिरतात आणि पाण्याच्या जागी तेथेच चिकटून बसतात. नंतर २००० रेणुभाराचे वापरले. ते एरवी मेणासारखे घट्ट असते आणि लाकडाच्या मोठ्या पोकळ्या भरून काढते. पाणी गेले तरी भिंतींना टेकू राहतो, तो असा. 

जहाजात सापडलेले चामड्याचे जोडे आणि लहान लाकडी वस्तू यांसाठी आणखी एक युक्ती वापरता आली: त्या गोठवून निर्वातात ठेवल्या, की बर्फाची थेट वाफ होते. द्रवाचा पृष्ठभागच उरला नाही, तर ओढ येणार कोठून? पण अख्खे जहाज गोठवता येत नाही. त्यामुळे नवी इमारत १८व्या शतकातल्या सुक्या गोदीत, जहाजाभोवतीच उभारण्यात आली. उद्‌घाटनाच्या वेळी जहाज ओलेच होते. मोठमोठ्या नळांतून त्यावर नियंत्रित हवा सोडली जात होती आणि प्रेक्षकांना ते लहान खिडक्यांतून पाहावे लागे. २०१६ साली वाळवण्याचे हे मुख्य काम सरल्यावर त्या खिडक्यांच्या जागी जमिनीपासून छतापर्यंत काचा आल्या.

काच आली, तरी हवेवरचा पहारा उठत नाही, आणि याचे कारण गंधक आहे. प्राणवायूविना जगणारे काही जीवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट हे गंधकाचे संयुग प्राणवायूऐवजी वापरून श्वसन करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. हा वायू लाकडात मुरतो आणि गंजलेल्या खिळ्यांच्या लोहाशी संयोग पावून लोहाची सल्फाइडे बनवतो. मेरी रोझच्या सुमारे २८० टनांच्या सांगाड्यात असे सुमारे २ टन गंधक असल्याचा अंदाज आहे. गाळात ते निपचित असते. हवेतला प्राणवायू आणि बाष्प मिळाले, की त्याचे गंधकाम्ल होते. लोहाचे आयन (विद्युतभारित अणू) ही क्रिया आणखी वेगाने घडवतात आणि आम्ल उरल्यासुरल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडते.

स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या वासा या १७व्या शतकातल्या जहाजाच्या संग्रहालयाला याचा प्रत्यय २००० सालच्या पावसाळी उन्हाळ्यात आला. भिजलेल्या प्रेक्षकांच्या गर्दीने दालनातली आर्द्रता वाढली आणि जहाजावर आम्लयुक्त क्षारांचे पांढरे-पिवळे चट्टे उमटू लागले. हे जहाज १९६१ सालीच वर आले होते, त्यावर १७ वर्षे ग्लायकॉल फवारले गेले होते आणि त्याची नवी इमारत १९९० साली उघडली होती. पुढे तेथील वातानुकूलन यंत्रणा सुधारण्यात आली आणि जहाजातले हजारो गंजके बोल्ट काढून त्यांच्या जागी उत्तम पोलादाचे बसवण्यात आले. मेरी रोझच्या दालनात आज तापमान १९ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ५४ टक्क्यांच्या आसपास राखली जाते. आर्द्रता वाढली तर क्षार विरघळून आम्लाला वाट मिळते, घटली तर लाकूड आक्रसते. म्हणून प्रेक्षकांच्या श्वासांची हवा आणि जहाजाची हवा वेगळी ठेवणारी ती काच जहाज दाखवण्याइतकीच ते टिकवण्याच्याही कामाची आहे.