कोरडं कपाळ, ओला कूलर

मे महिन्यात नागपुरात बाहेर खेळून आलेल्या मुलाच्या कपाळावरून हात फिरवा, हात बहुतेक वेळा कोरडाच राहतो. घाम नाही, म्हणजे पोट्टं फारसं तापलेलं नाही, असा अंदाज घरातले बांधतात. घाम आलेला असतो, फक्त दिसायच्या आत वाळलेला असतो. हवा ४४ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या घरात असली की कातडीवर आलेला थेंब टिकतच नाही. तेच मूल सुटीत मुंबईला मावशीकडे गेलं की ३३ अंशांत घामाने थबथबतं, आणि थबथबलेलं मूल दिसलं की कुणीतरी पाण्याचा पेला पुढे करतंच. कोरडं दिसणारं मूल मात्र तासन्‌तास तसंच हुंदडत राहतं.

घाम येण्याने अंग थंड होत नाही, तो वाळण्याने होतं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती पाणी कातडीतूनच उचलतं. एक लिटर घाम वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दहा किलोच्या, म्हणजे साधारण वर्षभराच्या मुलाचा हिशोब मांडून बघा: त्याचं अख्खं शरीर एका अंशाने थंड करायला जेमतेम १४-१५ मिलिलिटर घाम वाळावा लागतो. तीन चहाचे चमचे! घाम टपकून फरशीवर पडला तर मात्र तो फुकट गेला. म्हणून मुंबईचा घाम चिकचिक जास्त करतो आणि गारवा कमी देतो, तर विदर्भातला घाम गुपचूप आपलं काम करून जातो. फक्त त्याला मागून पाण्याचा पुरवठा हवा.

लहान मुलांची अडचण इथेच सुरू होते. मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे. सत्तर किलोच्या माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ सुमारे १.८ चौरस मीटर असतं, दहा किलोच्या मुलाचं अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास. किलोमागे कातडी मोजली तर मुलाची जवळपास दुप्पट भरते. हिवाळ्यात हीच कातडी उष्णता घालवते म्हणून बाळं लवकर गारठतात. आपल्या कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की उष्णता उलट दिशेने, बाहेरून आत यायला लागते, आणि मुलात ती दुप्पट वेगाने शिरते. त्यात मुलांची एकेक घर्मग्रंथी मोठ्यांच्या मानाने कमी घाम सोडते. ही कसर वयात येईपर्यंत भरून निघत नाही.

यास कुनो या जपानी शरीरशास्त्रज्ञाने गेल्या शतकात याविषयी एक गमतीची गोष्ट मांडली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे घर्मग्रंथी जन्मतःच असतात, पण त्यातल्या किती कामाला लागणार हे आयुष्याच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांतल्या हवामानावर ठरतं. उष्ण प्रदेशात जन्मलेल्या जपानी मुलांमध्ये कामाच्या ग्रंथी जास्त आढळल्या. मोठेपणी तिथे राहायला गेलेल्यांमध्ये त्या जपानमधल्या लोकांइतक्याच राहिल्या. "आमची पोट्टी उन्हातच वाढली, त्यांना काही होत नाही" या नागपुरी फुशारकीत थोडं तथ्य असू शकतं ते एवढंच. टाकीत पाणी नसेल तर ग्रंथी कितीही असल्या तरी काय उपयोग?

आता नवतप्याचं. रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरला की, म्हणजे साधारण २५ मेपासून, नऊ दिवस तापणार हे इथल्या प्रत्येक आजीला पाठ असतं. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. समुद्र लांब, आकाश निरभ्र, वारा वायव्येकडून येणारा कोरडा. पंचांग आणि खगोल इथे एकमेकांना सोडत नाहीत. मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. यंत्रात बिघाड होता असं हवामान खात्याने लगेच सांगितलं, तरी त्या आकड्याचे स्क्रीनशॉट फिरायचे ते फिरलेच. खरे आकडेही पुरेसे भयंकर आहेत. खात्याचं तापमान सावलीत, जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर मोजतात. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं त्याच्या बरंच खाली, तापलेल्या पेव्हर ब्लॉकच्या जवळ असतं. त्याला लागणारी हवा बातमीतल्या हवेपेक्षा गरमच.

घराघरात एक वाद ठरलेला. "एवढी आग पडून राहिली अन् लेकराला घोटभर पाणी नाही?" आजीचा जीव तुटतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पिणारं असेल तर मे महिन्यातही वरचं पाणी नको. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा पितं, तेवढं त्याला पुरतं. वरच्या पाण्याने त्याचं छोटं पोट भरतं, दूध कमी जातं, आणि कोवळ्या किडन्यांना जास्तीचं पाणी झटपट बाहेर टाकता येत नसल्याने रक्तातलं सोडियम उतरून झटके येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. पाण्याचा तांब्या आजीने सुनेच्या हातात द्यावा. तिला त्याची खरी गरज आहे.

मोठ्या मुलांना पन्हं, ताक, साधं पाणी, सगळं चालतं. तहान लागली का, असं विचारण्यापेक्षा लघवीवर लक्ष ठेवलेलं बरं: सहा-आठ तास झालीच नाही किंवा गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडलंय. जुलाब-उलट्या असतील तेव्हा मात्र ओआरएसच द्यावं, आणि मापात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे पुडीत २०.५ ग्रॅम पावडर असते, त्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ, आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते. आतड्यात ग्लुकोजसोबत सोडियम आत शिरतं आणि त्यांच्यामागून पाणी येतं. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात ढवळली की हे प्रमाण बिघडतं.

ताप आणि ऊन लागणं यांतला फरक पाठच असायला हवा. तापात मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान स्वतःहून वर नेऊन ठेवतो, पॅरासिटामॉल त्याला खाली आणतं. ऊन लागतं तेव्हा हायपोथॅलॅमस ३७ अंशच मागत असतो, शरीरालाच उष्णता बाहेर टाकणं जमत नसतं. तिथे पॅरासिटामॉलचा काडीचा उपयोग नाही. अंग ४० अंशांच्या वर, मूल बरळतंय, गुंगीत आहे किंवा झटके येताहेत, असं दिसलं तर कपडे काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसंच दवाखान्यात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. नुसत्या पंख्याच्या भरवशावरही राहू नका. ४४ अंशांची हवा कोरड्या अंगावर फेकणारा पंखा मुलाला तापवतोच, ओल्या कपड्याने अंग पुसलं तर तोच पंखा कामाचा.

कूलरही हाच घामाचा धंदा करतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांवरून पाणी वाळतं, हवा गार होते. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेत पाणी वाळवून हवा जास्तीत जास्त २३ अंशांपर्यंत आणता येते. बऱ्या ताट्यांचा कूलर ती २८-२९ पर्यंत आणतो. त्यासाठी समोरची खिडकी उघडी हवी. दार-खिडक्या लावून कूलर चालवणं म्हणजे खोलीत बाष्प कोंडणं. पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढा. ओल्या हाताने त्याला टेकणारी मुलं शॉकने दगावतात. अर्थिंग तपासलेलं आणि ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारं बटण, बसवलेलं असावं.

जुलैत सगळंच उलटतं. ३१ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत पाणी वाळवून हवा फार तर तीनएक अंश उतरते आणि खोली मात्र दमट होते. मुलांच्या मानेवर घामोळं उठतं, कारण घाम वाळत नाही आणि ग्रंथींची तोंडं बंद होतात. त्यावर पावडर थापून ती आणखी बुजतात. तेव्हा कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. टाकीत पाणी तसंच राहिलं तर डेंग्यूच्या एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करायची. नुसती रिकामी करून भागत नाही. डासाची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला चिकटवते आणि ती कोरडी पडूनही काही महिने टिकतात. कूलर माळ्यावर चढवण्याआधी टाकीच्या आतल्या कडा घासणीने घासल्या नाहीत, तर पुढच्या मार्चमध्ये पहिली बादली ओतताच ती फुटतात.