ताजचा पॅलेस, ताजचा टॉवर आणि खिडकीचा घोळ

सांगली-मिरजेतून, तासगाव-पलूसकडून मुंबईला एखाद-दोन रात्री चांगल्या हॉटेलात उतरायला जाणाऱ्यांच्या खोल्या मी बुक करून देतो. कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असतात, कुणाला आई-वडिलांना एकदा तरी थाटात ठेवायचं असतं. त्यात 'ताज' हे नाव हमखास येतं आणि त्यापाठोपाठ ठरलेला घोळही येतो. खोली टॉवरमध्ये घेतलेली असते आणि मनात मात्र घुमटवाली जुनी इमारत असते. किंवा हट्टाने जुन्या इमारतीतली खोली घेतात, आणि खिडकीतून गेटवे दिसत नाही म्हणून तिथून फोन करतात. दोन्ही वेळा हॉटेलने जे विकलं तेच दिलेलं असतं. विकत काय घेतोय हे आधी बघितलेलं नसतं.

म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

मुंबईतलं ताजमहाल पॅलेस म्हणजे शेजारी-शेजारी उभ्या दोन इमारती. जुनी, दगडी, घुमटाची, ती पॅलेस. ती १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाली. तिच्या समोरचं गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली खुलं झालं, म्हणजे हॉटेल गेटवेहून वयाने मोठं आहे. शेजारची उंच इमारत १९७३ मधली, तो टॉवर. पूर्वी त्या जागी ग्रीन्स नावाचं हॉटेल होतं, ते पाडून हा टॉवर बांधला. दोन्ही इमारतींना बाहेरून सगळेच ओळखतात, त्यामुळे वर्णनात वेळ घालवत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की जाहिरातीत, कॅलेंडरवर, बातमीत दिसते ती पॅलेस. २०१७ साली त्या इमारतीच्या रूपाचा ट्रेडमार्कसुद्धा नोंदवला गेला. आपल्या डोक्यात 'ताज' म्हणून तीच बसलेली आहे, पण खोली स्वस्तातली शोधायला गेलं की मोबाइलवर पहिली येते ती बहुतेक वेळा टॉवरमधली.

दोन्हीकडे सारख्या असलेल्या गोष्टी आधी उरकतो. मुख्य लॉबी एकच. पोहण्याचा तलाव, सकाळचा नाश्ता, सी लाउंज, शामियाना, गोल्डन ड्रॅगन ही खाण्यापिण्याची ठिकाणं, सगळं दोन्ही इमारतींतल्या पाहुण्यांना खुलं. टॉवरमध्ये उतरलात म्हणून कुणी दुय्यम वागणूक देत नाही, ही भीती पहिली काढून टाका. दुसरी भीती उलट बाजूची असते: जुनी इमारत म्हणजे जुनाट नळ, कुबट वास. तेही खरं नाही. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात पॅलेसचं मोठं नुकसान झालं. टॉवर त्याच वर्षी २१ डिसेंबरला सुरू झाला, पण पॅलेसच्या दुरुस्तीला बराच काळ लागला आणि तो पूर्णपणे खुला झाला १५ ऑगस्ट २०१० ला. आतल्या खोल्या त्या वेळी नव्याने केल्या आहेत. गैरसोय म्हणून जुनी इमारत टाळायचं काही कारण नाही.

आता मुख्य मुद्दा.

लोकांच्या डोक्यात एक जोडी पक्की बसली आहे: पॅलेस म्हणजे समुद्र, टॉवर म्हणजे शहर. ही जोडी चूक आहे. इमारत कोणती हा एक प्रश्न आणि खिडकी कुठे उघडते हा दुसरा. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पॅलेसमध्ये समुद्राकडच्या खोल्या आहेत, तशा शहराकडच्या आणि तलावाकडच्याही आहेत. टॉवरमध्ये समुद्राकडच्याही आहेत आणि शहराकडच्याही. म्हणजे तलावाकडची शहराकडच्यातच धरली तरी निवडीचे प्रकार दोन नसून चार होतात. सगळ्यांत कमी दर टॉवर आणि शहर या जोडीला, सगळ्यांत जास्त पॅलेस आणि समुद्र या जोडीला. या दोन टोकांना कुणाची फसगत होत नाही. फसगत होते ती मधल्या दोन प्रकारांत: पॅलेसची शहराकडची खोली आणि टॉवरची समुद्राकडची खोली. त्यांचे दर पुष्कळदा जवळजवळ येतात, आणि बुकिंग करणारा 'थोडेच जास्त आहेत की' म्हणत त्यातली एक उचलतो. कोणती उचलली हे त्याला तिथे गेल्यावर कळतं.

तासगावच्या एका द्राक्ष बागायतदारांशी झालेलं बोलणं सांगतो. हे बोलणं मी थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा केलं आहे.

"दादा, ताजची खोली घेतलीय मोबाइलवरनं. सी व्ह्यू हाय. म्हणजे जुनीच असंल न्हवं?"

"काका, खोलीचं पूर्ण नाव वाचा बघू."

"डिलक्स... सी व्ह्यू... टॉवर विंग. आता हे टॉवर कशाला घातलंय मधीच?"

ते मधे घातलेलं नव्हतं. त्या ओळीतला तोच शब्द कामाचा होता. काकांना समुद्र मिळाला होता. काकूंना मात्र फोटोतला जिना आणि वरचा घुमट बघत आपल्या खोलीकडे जायचं होतं. बुकिंग रद्द करता येणारं होतं म्हणून निभावलं. 'नॉन-रिफंडेबल' घेतलं असतं तर काहीच करता आलं नसतं. म्हणून माझा आग्रह असा, की खोलीच्या नावात 'पॅलेस' किंवा 'टॉवर' यातलं एक लिहिलेलं दिसल्याशिवाय पैसे भरू नका. तिथे काहीच लिहिलेलं नसेल तर हॉटेलच्या रिझर्व्हेशनला फोन करून विचारा आणि उत्तर मेलवर मागून घ्या. फोटो बघून ठरवू नका. बुकिंगच्या साइटवर दोन्ही इमारतींचे फोटो एकाच पानावर सरमिसळ लावलेले असतात, पहिला फोटो तर घुमटाचाच.

मग मधल्या दोघांतलं काय घ्यावं? लोक मला 'दोन्ही चांगलं आहे, तुमच्या आवडीवर आहे' असं गुळमुळीत उत्तर मागत नाहीत आणि मी देतही नाही. आयुष्यात एकदाच जाणार असाल तर पॅलेसची शहराकडची किंवा तलावाकडची खोली घ्या. समुद्र सोडा.

याचं कारण साधं आहे. गेटवे आणि समोरचं बंदर अपोलो बंदरच्या कठड्याला टेकून कुणालाही फुकट बघता येतं, रात्री बाराला बघता येतं, पहाटे बघता येतं. हॉटेलच्या दारातून बाहेर पडून रस्ता ओलांडायचा, बस. सी लाउंजमध्ये चहा घेतला तर तेच दृश्य खुर्चीत बसून दिसतं. पण पॅलेसचे वरचे मजले, मधल्या मोठ्या जिन्याभोवती फिरणारे ते रुंद सज्जे, कठड्यावरून खाली वाकून बघितलं की एकाखाली एक दिसणारे मजले, हे सगळं राहणाऱ्यांसाठी आहे. सकाळी अंघोळ करून नाश्त्याला निघताना ते आपोआप वाटेत लागतं. तुम्ही पैसे याचे देता. हॉटेलात उतरलेल्यांना इमारत हिंडून दाखवणारा हेरिटेज वॉक असतो, तो टॉवरवाल्यांनाही मिळतो, जरूर करा. तरी वाड्यात मुक्काम करणं आणि समोरच्या अपार्टमेंटमध्ये उतरून वाडा बघून येणं, यात जो फरक आहे तो इथेही आहेच.

तलावाकडच्या खोलीबद्दल लोक उगाच नाक मुरडतात, 'मागची बाजू' म्हणतात. ती मागची बाजू नाहीच. पॅलेसचं मूळचं दार शहराच्या अंगाला होतं, लोक तिकडून येत. पुढे प्रवेश बदलला आणि त्या जुन्या दाराच्या बाजूला आज तलाव आहे. म्हणजे तलावाकडची खोली इमारतीच्या मूळ दर्शनी बाजूला येते, आणि ती शांतही असते.

यावरूनच 'इमारत चुकून उलटी बांधली आणि ते बघून वास्तुविशारदाने जीव दिला' ही गोष्ट निघाली आहे. गाइड सांगतात, व्हॉट्सअॅपवर फिरते, आणि आपली माणसं ती चहा घेता घेता पुढे ढकलतात. मला या गोष्टीचा मनापासून राग आहे, कारण तो माणूस आपला होता. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांनी डी. एन. मिर्झा यांच्याबरोबर हा आराखडा केला. काम पुरं होण्याआधीच वैद्य आजारपणात वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेलं. जे वैद्यांनी पुरं झालेलं पाहिलंच नाही, ते उलटं झालं म्हणून ते जीव कसा देतील? पॅलेसमध्ये उतरणार असाल तर निदान त्यांचं नाव बरोबर घेऊन जा.

टॉवरची समुद्राकडची खोली मी कुणाला सुचवतो, तेही सांगतो. घरात गुडघे धरलेले वडीलधारे असतील, ज्यांचा दिवस खिडकीशीच जायचा आहे, त्यांना टॉवरच. वरच्या मजल्यावरची मागून घ्या. तिथून गेटवेचा माथा खाली दिसतो, घारापुरीच्या लाँच सुटताना दिसतात, नौका, जहाजं, सगळं पसरलेलं. पॅलेसच्या उंचीवरून एवढं लांबवर दिसत नाही. लहान मुलं असतील तरीही टॉवर सोयीचा. राहणाऱ्याला जुन्या इमारतीचं काही अप्रूप नसेल तर जास्तीचे पैसे कशाला घालवायचे?

एक मात्र दोन्ही इमारतींना लागू. हा समुद्र पूर्वेकडचा, बंदराचा आहे. इथे सूर्य उगवतो. संध्याकाळी समुद्रात बुडणारा सूर्य आणि रात्री मरीन ड्राइव्हची दिव्यांची माळ हवी असेल तर ताज तुमच्या कामाचं नाही, नरिमन पॉइंटला जा. तिथे ओबेरॉय आणि ट्रायडंट ही एकाच कंपनीची दोन हॉटेलं एकमेकांना लागून आहेत, आणि तिथेही लोक 'ओबेरॉयला उतरलो' म्हणतात नि राहिलेले असतात ट्रायडंटला. त्यात बिघडत काही नाही. दोन्हीकडून समुद्र तोच दिसतो, ट्रायडंट सहसा स्वस्त पडतं, आणि खिडकीसाठीच जाणार असाल तर मी ट्रायडंटच घेईन.

एकाच नावाची दोन ठिकाणं हा घोळ त्याहून महागात पडतो, पण टाळायला सोपा आहे, पत्ता वाचला की झालं. ताज लँड्स एंड वांद्र्याला आहे, ताज सांताक्रूझ विमानतळापाशी. जेडब्ल्यू मॅरियट एक जुहूला, एक सहारला. ट्रायडंट एक नरिमन पॉइंटला, एक बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. लग्नपत्रिकेवर नुसतं 'ताज' छापलेलं असेल तर यजमानांना विचारा. आणि मुलाच्या अमेरिकन व्हिसाच्या मुलाखतीसाठी कुलाब्यात खोली घेऊ नका. ते कॉन्सुलेट २०११ पासून बीकेसीत आहे. सकाळच्या गर्दीत कुलाब्याहून तिथे पोचायचं टेन्शन मुलाला मुलाखतीच्या दिवशी कशाला?

पैशाबद्दल दोन वाक्यं. साइटवर मोठ्या अक्षरात दिसतो तो दर बहुतेक वेळा कर वगळून असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. ताजच्या दोन्ही इमारती १८ टक्क्यांतच येतात, म्हणजे २०,००० ची खोली हातात पडते २३,६०० ला. पॅलेस आणि टॉवर यांतला फरक बघताना कर धरूनच बघा, आणि दोन-चार तारखा मागेपुढे करून बघा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि लग्नसराईत दर चढतात, पावसाळ्यात उतरतात. मी तर जुलै-ऑगस्टमध्येच जायला सांगतो. टॉवरच्या बजेटमध्ये पॅलेस बसायची शक्यता तेव्हाच जास्त.

शेवटी वेळेचं. आपल्याकडच्या लॉजवर चोवीस तासांचा हिशोब चालतो, आलात त्या वेळेपासून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत. मोठ्या हॉटेलात तसं नसतं. खोली दुपारी मिळते आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास सोडायची असते, तुम्ही केव्हाही पोचा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलात तर सकाळी सात-साडेसातला सीएसएमटीला उतराल, तिथून अपोलो बंदर टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. खोली तेव्हा मिळेलच असं धरू नका. सकाळी लवकर येणार असल्याचं बुकिंगच्या वेळीच कळवून ठेवा, रिकामी असेल तर देतात. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बरोबर ठेवा. नाहीच मिळाली खोली तर सामान हॉटेलकडे द्या, तोंड धुऊन नाश्ता उरका आणि समोरूनच घारापुरीची लाँच धरा. लेणी बघून दुपारी परत येईपर्यंत खोली तयार असते. सोमवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघा, ते हॉटेलपासून चालत दहा मिनिटांवर आहे.